टाकी लावल्यानंतरचं पहिलं वाटण

त्या रविवारी शेंगोळ्यांत जी कचकच लागली, ती माझ्यामुळे. कोथिंबिरीला माती राहिली नव्हती, लसणाच्या पातीलाही नाही. ती पाट्याच्या दगडाची पूड होती आणि ती वाटणात मी घातली. मुद्दाम घातली नाही, हे खरं. पण त्यानंतर दीड महिना मी गप्प बसलो, ते मात्र मुद्दाम.

हे लिहू का, असं मी मामींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा की. पण नाव नका टाकू." मी म्हटलं, तुमचं नाव कशाला टाकेन? "माझं नाय म्हणत मी, तुमचं. शाळेतली पोरं हसतील."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. सासरे गेल्यावर त्या नांदगावजवळच्या त्यांच्या गावाहून आमच्याकडे नाशिकला आल्या, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांना आता तीन वर्षं होऊन गेली. लेकीच्या घरी राहणं त्यांच्या मनाला अजून पुरतं पटलेलं नाही. त्यावर त्यांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. काम करत राहिलं तर राहायला हरकत नाही, पण बसून खायचं झालं तर ते जावयाच्या दारी नको. "हात चालतात तवर इथं. हात थांबले की मी माझ्या लेकाकडं," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

त्यांचं काम म्हणजे हिरव्या वाटणाची तयारी. आमच्या घरात आठवड्यातून चार वेळा तरी हे वाटण होतं. कोथिंबीर काड्यांसकट, लसूण, हिरव्या मिरच्या, जिरं आणि जाडं मीठ. थंडीत लसणाची कोवळी पात मिळते तेव्हा ती मूठभर. वांग्यात, मटकीत, पिठल्यात, सगळीकडे तेच वाटण, आणि तरी प्रत्येक भाजी वेगळी लागते. ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही. मामींना विचारलं तर म्हणतात, "तुम्ही सायन्सचे मास्तर, तुम्हीच सांगा."

मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सकाळची शाळा, त्यामुळे एक वाजता घरी. बायको सरकारी कचेरीत, ती साडेसहाला येते. मामींचा उजवा खांदा धरलेला, त्यांना वरवंटा ओढवत नाही. त्यामुळे वाटण तिघांत विभागलं गेलं. मामी निवडून धुऊन देणार, मी वाटणार, बायको फोडणी देणार. मिक्सर आहे घरात. त्याला कोणी नावं ठेवत नाही, फक्त त्यातल्या वाटणाला मामी 'ज्यूस' म्हणतात.

गॅलरीत पाटा मांडून मी वाटायला बसलो की मामी समोर स्टुलावर बसत आणि त्यांची शिकवणी सुरू होई.

"जावईबापू, वाटताय का पाट्याला गोंजारताय?"

"वाटतोय, मामी."

"मग लसूण का पळतोय? आधी मीठ, जिरं, मिरची. ते मेण झालं की लसूण. कोथिंबीर शेवटी. तिला आधी घेतली की ती पाणी सोडती आन मग तुम्ही घसरता."

शेवटी पाट्यावर तांब्याभर पाणी टाकून पाटा हातानं पुसून घ्यायचा आणि ते हिरवं धुवण रश्शात ओतायचं. ते ओतलं नाही तर मामींच्या लेखी वाटण अर्धंच झालं. "निम्मी चव पाट्याला चिकटलेली असती," असं त्या सांगत. हे धुवण पुढं येणार आहे.

लसूण पळायचा त्याला माझा हात एकटा कारण नव्हता. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. पाटा असा झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीनं ठोकून त्यावर बारीक खळगे पाडून घ्यायचे, की तो पुन्हा खरखरीत होतो. पूर्वी टाकीवाल्या बाया गल्लीतून ओरडत जायच्या. आता कॉलनीत गाद्यावाला येतो, आरओवाला येतो, टाकीवाली येत नाही. मामी वर्षभर म्हणत होत्या, "एकदा टाकी लागली असती तर तुमच्या हाताला जरा यश आलं असतं."

गेल्या थंडीत मामी एका लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेल्या. रविवारी त्यांचा मुलगा आणि सून त्यांना सोडायला येणार, त्या दिवशी दुपारी हुलग्याच्या शेंगोळ्यांचा बेत, असं फोनवर ठरलं. आणि त्या आधीच्या गुरुवारी मला कॅम्पातल्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, एक बाई पाटा मांडीशी घेऊन ठोकताना दिसली. मला तिथल्या तिथं कल्पना सुचली. मामींना न सांगता पाट्याला टाकी लावायची, रविवारी त्यावर वाटण वाटायचं, आणि सगळे जेवून उठले की सांगायचं. मामी म्हणतील, आज वाटण असं कसं झालं हो? मग मी पाट्यावरचं फडकं काढीन.

असल्या कल्पना मला फार सुचतात. बायकोच्या मते शाळेचं गॅदरिंग माझ्या डोक्यातून कधी जातच नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी घरी येऊन पाटा-वरवंटा दोन जिने खाली उतरवला, स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि निघालो. गेटवर वॉचमन म्हणाला, "सर, भंगारात?" मी म्हटलं, "नाही, दुरुस्तीला." तो पाट्याकडे आणि मग माझ्याकडे असा बघत राहिला की मला त्याचा अजून राग येतो. दोन्ही पाय पाट्यावर ठेवून, गुडघे हनुवटीपाशी घेऊन मी कॅम्पापर्यंत गेलो. वाटेत एका विद्यार्थिनीच्या आईनं नमस्कार केला. मला हात वर करता आला नाही.

टाकीवालीनं अर्ध्या तासात पाटा आणि वरवंटा दोन्ही ठोकून दिले. पांढुरके खळगे, ओळीनं, ज्वारी पेरल्यासारखे. मी पाटा उचलायला वाकलो तेव्हा ती म्हणाली, "पहिलं वाटण खायचं नाही बरं का साहेब. जाडं मीठ वाटा, मग दोनदा मूठमूठ तांदूळ वाटा आणि फेकून द्या. दगडाची कणी असते आत."

हे मी ऐकलं. ऐकलं नाही, असं मला आज म्हणता येत नाही.

घरी आल्यावर मी पाटा बाथरूममध्ये उभा करून ब्रशनं घासला, बादलीभर पाणी ओतलं, पुन्हा घासला, तळहात फिरवून पाहिला. हाताला काही लागलं नाही. जाडं मीठ डब्याच्या तळाशी, रविवारपुरतं होतं. आणि तांदूळ वाटून फेकायचे हे मनाला पटेना. खरं सांगायचं तर, मला वाटलं, तिला जुन्या काळापासून हेच सांगायची सवय असेल, आणि आपण तर शास्त्र शिकवतो. त्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात मी पाण्यातला गाळ कसा वेगळा करायचा ते शिकवलं होतं. आधी स्थिर ठेवायचं, मग निवळायचं, मग गाळायचं. बीकरमध्ये माती घालून दाखवलंही होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला मामी आल्या, बरोबर माझा मेहुणा आणि त्याची बायको. पिशवीत वावरातली कोथिंबीर आणि लसणाची पात, मुळांसकट, मुळांना काळी माती. मामींनी पाणीसुद्धा घेतलं नाही, लुगड्याचा पदर खोचून घमेलं घेऊन बसल्या. मुळं तोडली, पिवळी पानं काढली, तीन पाण्यांनी धुतली. तिसऱ्या पाण्याला घमेल्याचा तळ स्वच्छ दिसला, तेव्हाच त्यांनी जुडी वर काढली. हे मी दारात उभं राहून पाहिलं होतं. पुढं मी जे केलं ते पाहिलेलं असूनही केलं.

"तुम्ही बसा आता, प्रवासातून आलात," असं म्हणून मी त्यांना आत पाठवलं आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. नव्या टाकीच्या पाट्यावर वाटण असं सरसर झालं की मला गाणं म्हणावंसं वाटलं. लसूण कुठंही पळाला नाही. निम्मं वाटण बायकोनं हुलग्याच्या पिठात मळलं, तिनं आणि भावजयीनं तळव्यावर वळून शेंगोळ्या केल्या. निम्मं फोडणीत गेलं. शेवटी मी पाटा धुतला आणि ते धुवण, तांब्या भरून, रश्शात ओतलं. खळग्याखळग्यांतून बोट फिरवून ओतलं, निम्मी चव वाया जायला नको म्हणून. मग पाट्यावर ओलं फडकं घातलं.

पहिला घास मेहुण्यानं घेतला. चावता चावता थांबला.

"आई, अख्खं वावरच आणलंस का गं पिशवीतून?"

त्याची बायको हसली. माझ्या बायकोनं तोंडावर हात धरला. मग माझ्याही दाताखाली कच्च झालं, आणि मला चव कळायच्या आधी कारण कळलं.

मामींनी घास काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटांत चोळून पाहिला. "तीन पाण्यानं धुतली की मी," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे.

"होतं, आई," सून म्हणाली. वाईट हेतूनं नव्हे. "बारीक दिसत नाही आता तुम्हाला. एका डोळ्याचं राहिलंय ना ऑपरेशन."

तेवढ्यात मेहुणा मला म्हणाला, "पण दाजी, वाटण एक नंबर हं. मातीसकट छान लागतंय."

तिथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जावई म्हणून मानाच्या पाटावर बसलेलो, मेहुणा कौतुक करतोय, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "गावरान पात आहे ना, मुळाशी माती धरते."

मामींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांची ताटं गोळा करायला उठल्या. त्या दिवशी आम्ही दही-भाकरी खाल्ली.

माझी बायको मला नेहमी म्हणते की मांजराच्या शेपटीवर पाय पडला तरी मी चार दिवस त्याची विचारपूस करत फिरतो. ते खरं आहे. लहानसहान गोष्टींची माफी मी फार सहज मागतो. ही एवढी मोठी झाल्यावर मात्र जमेना.

सोमवारी संध्याकाळी बायको गॅलरीतून ओरडली, "अहो, पाट्याला टाकी कधी लावली?"

"आज. दुपारी."

"सोमवारी? बाजार बंद असताना?"

"भेटली एक जण," मी म्हणालो. आणि ते खरं वाटावं म्हणून मी नवीन आणलेलं जाडं मीठ वाटलं, मग दोनदा तांदूळ वाटले, तिच्यादेखत, आणि फेकून दिले. त्यात करडी पूड स्पष्ट दिसत होती.

मामींनी पाट्यावरून तळहात फिरवला. "लय छान ठोकलाय. जावयानं सासूसाठी पाटा ठोकून आणला, गावात सांगते." मग हसत म्हणाल्या, "एक दिवस आधी आणला असता तर लोकांनी पाट्याला नावं ठेवली असती. आता माझी कचकच माझ्याच पदरात."

त्या हसल्या म्हणून मीही हसलो. या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

त्यानंतर मामींनी निवडणं सोडलं. भांडून नाही. जुडी आली की ती लेकीच्या ओट्याकडे सरकवायच्या. "तूच बघ बाई, माझ्यानं माती राहती." बायको सकाळी घाईत दोन पाण्यांतून कोथिंबीर काढायची, कधी जमायचं, कधी नाही. मग वाटणाचे चार दिवस दोनावर आले. एकदा मिक्सरमधलं वाटण झालं. मी मामींच्या तोंडाकडे पाहिलं, म्हटलं आता 'ज्यूस' म्हणतील. त्या भाकरी मोडून जेवत राहिल्या. मामींनी टोमणा मारला नाही, याची मला एवढी भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी वाटायला बसलो की त्यांचं स्टूल रिकामं असायचं. लसूण पळत नव्हता, पण पळाला असता तरी सांगायला कोणी नव्हतं.

मी माझ्या परीनं भरपाई करत होतो. त्यांच्यासाठी पेरू आणले, गरम पाण्याची पिशवी आणली, त्यांच्या खोलीतला दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला. दिवा पाहून त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमालाबी वाटतं ना, मला दिसत नाय?" मी स्टुलावरून खाली उतरलो.

बायकोनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झालेला डोळा उत्तम आहे, दुसऱ्यालाही घाई नाही. घरी येऊन मामी म्हणाल्या, "डॉक्टर अक्षरं दाखवतो. माती कुठं दाखवतो?"

आणि मग जानेवारीत एका दुपारी, मी शाळेतून आलो तर मामी गॅलरीत परात घेऊन बसलेल्या. परातीत तांदूळ.

"जावईबापू, एक काम करा. खालून बारीक खडे आणा, तांदळाएवढे. धुऊन यात टाका, मला न दाखवता. किती टाकले ते मनात ठेवा."

"कशाला, मामी?"

"परीक्षा हाय. तुम्ही घेता ना पोरांची."

मी खाली गेलो. एक प्रौढ शिक्षक पार्किंगमध्ये उकिडवा बसून खडे वेचतोय, हे वॉचमननं पाहिलं. तो आता मला काही विचारत नाही. दहा खडे आणले, धुतले, तांदळात कालवले. मामींनी चष्मा लावला, परात उन्हात सरकवली आणि बोटानं एकेक दाणा बाजूला करत सुरुवात केली. मी पाहत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, सापडू देत, सगळे सापडू देत. अर्ध्या तासानं त्यांनी वाटी माझ्यापुढं केली.

"मोजा."

अकरा होते. मी पुन्हा मोजले. अकराच.

"मी दहा टाकले होते."

"मग तुमालाच मोजता येत नाय," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी धार ऐकू आली. "एक वाण्याचा असंल."

मी एवढा खूश झालो की टाळी वाजवली. "मामी, डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे!"

त्या वाटीतले खडे हलवत बसल्या. "डोळं चांगलं हायेत. मग त्या दिवशी माती कशी राहिली?"

मी म्हणालो, "मला पेपर तपासायचेत."

"परवाच तपासले की सगळे."

मी तरी उठलोच. मागून त्या बोलत होत्या, मला नव्हे, वाटीला. "म्हणजे ध्यान गेलं माझं. डोळ्याला ऑपरेशन हाय. ध्यानाला काय हाय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. रविवारी ये घ्यायला. इथं आता माझं काय काम नाय.

बायको रडली. मामींनी तिला समजावलं, की अगं, मी काय रुसून चालले नाय, हात थांबले की जायचं हे माझं आधीच ठरलेलं होतं. जावयाला विचार. जावयाला विचारलं. जावयानं मान हलवली. म्हणजे आता एका मूठभर तांदळाच्या आळसापायी एक म्हातारी बाई आपलं डोकं चालेनासं झालंय असं समजून, तीन वर्षांचं आपलं घर सोडून चालली होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये त्यांची पिशवी भरलेली होती. वर घडी करून शाल. बायको बाजारात गेली होती. मी गॅलरीत पाटा मांडला आणि हाक मारली, "मामी, जरा येता? लसूण पळतोय."

त्या आल्या, उभ्याच राहिल्या. "नव्या टाकीवर लसूण पळत नाय."

"बसा ना."

त्या स्टुलावर बसल्या. मी पाट्याकडे बघत सगळं सांगितलं. शुक्रवार, स्कूटर, टाकीवाली, ती काय म्हणाली ते, फडकं, सोमवारचं खोटं. सांगून झाल्यावर मामींनी वाकून पाट्याच्या खळग्यांवरून बोट फिरवलं.

"तांदूळ वाटलेच नाय?" मामींनी विचारलं.

"नाही."

"मीठ तरी?"

"नाही."

"आन धुवण?"

"ओतलं. खळग्यांतून बोट फिरवून."

"शाळेत काय शिकवता हो तुम्ही?"

"गाळ वेगळा कसा करायचा ते," मी म्हणालो.

मामींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही, आणि वर बघायचं धाडस झालं नाही. मग पदर काढला तेव्हा आवाज हसरा नव्हता.

"माझ्यासाठी खडे आणून टाकलेत तुम्ही तांदळात. तवाबी नाय बोललात."

"नाही."

"रात-दिवस मी एकच आठवत होते. तिसरं पाणी काढलं का दुसऱ्यालाच थांबले? आठवायचं, की काढलं. मग वाटायचं, आठवतंय तेच खोटं असंल."

मी म्हणालो, "मामी, माफ करा मला."

"असं नाय," त्या म्हणाल्या. "मला एकटीला सांगून काय? कचकच पाच जणांनी खाल्ली. माझ्या लेकानं सगळ्या भावकीत सांगितलंय, आईला आता दिसत नाय. आता तिकडं गेले की सून माझ्या हातची भाजी पुन्हा धुवंल. उद्या ते येतेत. त्यांच्यापुढं सांगा."

मी जरा चाचरलो. "मामी, मेहुण्यापुढं... म्हणजे, जावयानं सासूची माफी मागायची..."

"मागायची नसती?"

"तशी पद्धत नाही ना आपल्यात."

"बरं. मग दगड खाऊ घालायची पद्धत हाय?"

पिशवीचं काय, असं मी विचारलं. "पिशवी हाय तिथंच राहू द्या. उद्याचं ऐकून बघू," म्हणाल्या आणि उठल्या. जाता जाता पाट्याकडे बोट केलं. "आन उद्या शेंगोळ्या करा. त्याच. म्हणजे कोणाला आठवायला तरास नको."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिनं बाजारातून आणलेली भाजी एकेक करून फ्रिजमध्ये लावली. मग म्हणाली, "सोमवारी टाकीवाली भेटली म्हणालात तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी आहे. मला वाटलं, पाटा जिन्यात आपटला असेल." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मांजराची चौकशी करता. माझ्या आईची नाही करता आली?" हे मात्र थट्टेत नव्हतं.

रविवारी मेहुणा आणि त्याची बायको आले. कोथिंबीर मामींनी निवडली. सून शेजारी येऊन बसली, "द्या आई, मी करते," म्हणाली, तर मामींनी जुडी मांडीखाली घेतली. तीन पाणी झाली. मामींनी तिसरं घमेलं उचलून माझ्यासमोर धरलं आणि तळ दाखवला. मी वाटलं. त्या समोर स्टुलावर बसल्या होत्या, पण शिकवत नव्हत्या. परीक्षेच्या हॉलमधला पर्यवेक्षक कसा बसतो तशा.

ताटं वाढली. लिंबू, कांदा, वर कच्च्या तेलाची धार. वाफेला लसणाच्या पातीचा वास. मेहुण्यानं ताटात हात घातला.

"थांब रे," मामी म्हणाल्या. "दाजींना काय बोलायचंय."

"काय दाजी? श्लोक म्हणायचा का?"

मी माझ्या ताटाकडे बघून म्हणालो, "त्या दिवशी शेंगोळ्यांत जे झालं..."

"मोठ्यानं," मामी म्हणाल्या. "वर्गात बोलता तसं. मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या."

सून पदर सावरत हसली. बायको माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. दारापाशी पिशवी होती, शाल तशीच घडी घातलेली. मी ताट पुढं सरकवलं आणि मामींकडे तोंड करून बसलो.

"मामी, त्या दिवशीची कचकच पाट्याची होती. टाकी शुक्रवारीच लावली होती. तांदूळ वाटून फेकायला सांगितलं होतं, मी ते केलं नाही. तुम्ही कोथिंबीर तीन पाण्यांनी धुतलीत, तळ दिसेपर्यंत, आणि मी ते दारात उभं राहून पाहिलं होतं. पाहूनही सगळ्यांसमोर म्हणालो, पातीला माती धरते. मग दीड महिना गप्प बसलो, आणि तुम्हाला आधी डोळ्यांवर आणि मग ध्यानावर शंका घ्यायला लावली. तुमचे डोळे चांगले आहेत, तुमचं ध्यानही चांगलं आहे. माझं चुकलं. मला माफ करा."